पात्रापात्रविचार

तीर्थरूपांनी घेतलेली प्रीमियर पद्मिनी आमच्या सदाशिव पेठेतील एकत्र कुटुंबात अद्याप नांदते आहे. पूर्वीच्या फियाट ११०० चेच हे १९७४ पासूनचे नाव. गतवर्षी तिची पेट्रोलची टाकी गळू लागली. ज्येष्ठ बंधूंचे म्हणणे, “वडिलांची वस्तू; झाळून तीच ठेवावी.” भावना आम्हांसही मान्य, परंतु रिकाम्या टाकीत उरलेली वाफ हवेत मिसळून ठिणगीसरशी भडकते, म्हणून ती भरलेल्या टाकीहूनही घातक. शिवाय आजच्या पेट्रोलात शेकडा २० पर्यंत इथेनॉल असते. ते पाणी शोषते व जुना पोलादी पत्रा आतून गंजतो.

कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी निघणे केव्हाच थांबले. नाना पेठेत दोन टाक्या पाहिल्या : एक भंगारातील अस्सल, दुसरी नव्याने घडविलेली. पहिलीचा रंग मोहक. पण पोटात तांबूस भुकटी. दुसरीच्या बसविण्याच्या जागा, भरण्याचे तोंड, काट्याचे छिद्र व हवेची नळी जुनीशी ताडून पाहिली. आत अल्प दाबाने हवा भरून ती पाण्यात बुडविली. बुडबुडा आला नाही, तीच घेतली.

वाचकहो, पात्राची पारख बाहेरील तकाकीवरून नव्हे, आतील शुद्धीवरून करावी. ज्या गाडीत नातवंडे बसतात, तेथे स्मृतीहून जीव मोलाचा. तीर्थरूपांनीही हाच निवाडा दिला असता.