कानाच्या कडेवरचा थेंब

रायपूरच्या बूढ़ापाऱ्यातल्या मराठी घरांना शुगर नवी नाही. फ्रिजच्या दारात इन्सुलिनची कुपी, कपाटात ग्लुकोमीटर, गणपतीत मोदक पुढे आला की ताट हळूच बाजूला सारणारे आजोबा, हे बघतच इथली पोरं मोठी होतात. आमच्या फ्रिजच्या दारात सासूबाईंच्या कुपीशेजारी बोक्याची कुपी उभी राहिली, तेव्हा धुण्याभांड्याला येणाऱ्या बाई हातातलं काम थांबवून म्हणाल्या, "दीदी, बिलई ला घलो शुगर होथे का?"

होते. आणि बरीचशी माणसासारखीच होते. मध्यम वयाचा, नसबंदी झालेला, घरात लोळून वजन वाढलेला बोका हे तिचं ठरलेलं गिऱ्हाईक. स्वादुपिंड इन्सुलिन बनवतं, पण शरीर त्याला दाद देत नाही, आणि झगडून झगडून ते स्वादुपिंडही थकतं.

आमच्याकडे आजार ओळखला तो सासूबाईंनी, डॉक्टरांच्याही आधी. बोका पाण्याच्या भांड्यापाशीच बसून राहायला लागला होता. खायचा दुप्पट, आणि पाठीवरून हात फिरवला की मणके लागायचे. त्याच्या वाळूच्या ट्रेकडे काळ्या मुंग्यांची रांग लागली, तशा त्या म्हणाल्या, "अगं, ह्याला माझंच दुखणं झालंय." चरकसंहितेतही प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेहासारख्या दुखण्यांच्या, पूर्वलक्षणांमध्ये लघवीला लागणाऱ्या मुंग्या आहेत. शास्त्र पुस्तकात असतं, तसं ते दुखणं अंगावर काढलेल्या माणसातही असतं. कौलांवरून कौलांवर उडी घेणारा तो बोका मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालायला लागला, तेव्हा मात्र आम्ही सगळेच घाबरलो. वाढलेली साखर पायांच्या नसा अशी धरते. उपचार वेळेवर मिळाले तर ती चाल पुष्कळदा सुधारते.

धानाच्या या मुलखात मांजरसुद्धा भातावर वाढतं. दूध-भात, वरण-भात, पोळीचा कुस्करा, आपण जेवतो ते त्याला, यात माया आहेच. पण मांजर मुळात निव्वळ मांसाहारी जीव आहे. त्याच्या लाळेत पिष्ट पचवणारं द्रव्य नसतं, आणि एकदम आलेली साखर उचलायला त्याचं यकृत माणसाच्या यकृताइतकं तयार नसतं. भातानेच मधुमेह होतो असं कुणी म्हणू नये. पण दुखणं झाल्यावर ताटलीतून भात, पोळी आणि बराचसा कोरडा खाऊ काढावा लागतो, आणि मासे, कोंबडी, अंडं किंवा कमी पिष्टाचं ओलं अन्न डॉक्टरांना विचारून द्यावं लागतं. आमच्या शाकाहारी स्वयंपाकघरात कोंबडी शिजवायला वेगळं पातेलं आलं. ते सासूबाईंनीच आणवलं.

रक्त घरीच का तपासायचं, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. मांजर घाबरलं की त्याची साखर झपाट्याने चढते. पिंजरा, रिक्षा, दवाखान्यातली कुत्री, एवढ्यानेच निरोगी मांजराचा आकडासुद्धा मधुमेह्यासारखा दिसू शकतो. बूढ़ा तालाबाशेजारचं धरणास्थळ नवा रायपूरकडे हलण्याआधीचे भोंगे ज्यांनी ऐकलेत, त्यांना आमच्या गल्लीतली मांजरं पलंगाखाली कशी दडायची ते आठवत असेल. म्हणून खरा आकडा मिळतो तो घरच्या सतरंजीवर, ओळखीच्या मांडीवर.

सासूबाई मांडी घालून बसतात. बोका पंच्यात गुंडाळलेला, तोंड बाहेर. कोमट पाण्यात पिळलेला कापसाचा बोळा मी त्याच्या कानाला लावून धरते, म्हणजे कडेने जाणारी बारीक शीर उमलून येते. कानामागे कापसाची घडी, शिरेच्या जरा बाहेरच्या बाजूला टोचणी, आणि मोहरीएवढा थेंब. पट्टी त्याला नुसती टेकवायची, ती आपणच रक्त ओढून घेते. मग कान चिमटीत दाबून धरायचा आणि लगेच उकडलेल्या कोंबडीचा तुकडा. त्या तुकड्यासाठी आता तो आपणहून मांडीवर येऊन बसतो. माणसांचं यंत्र मांजराचा आकडा बहुधा खऱ्याहून कमी दाखवतं, हे डॉक्टरांना सांगून ठेवलेलं बरं. महत्त्व एका आकड्याला नाही. सुईआधी, मग दर दोन तासांनी, असे दिवसभराचे आकडे वहीत उतरले की साखर कधी तळाला जाते ते कळतं, आणि डोस त्यावर ठरतो. तो डॉक्टरांनीच ठरवायचा.

सुई सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला, खाण्याबरोबर. लग्न असो, महालक्ष्म्या असोत, घरातलं एक माणूस सातला हजर. यात काही त्याग वगैरे नाही. ज्याला जेवू घालतो त्याचं औषधही आपलंच.

एक गोष्ट मात्र जीव तोडून सांगायची आहे. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींचं मिळतं, एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट आणि 100 युनिट. त्यांच्या सिरिंजाही वेगळ्या, 40 ची सहसा लाल टोपणाची, 100 ची नारिंगी. शंभरचं इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजमध्ये एका युनिटच्या रेघेपर्यंत भरलं, तर एक युनिट नव्हे, अडीच युनिट जातं. मांजराचा सुरुवातीचा डोसच बहुतेकदा एखाद्या युनिटचा असतो, तेव्हा अडीचचा अर्थ काय ते कळेलच. घरात माणसाचं आणि मांजराचं इन्सुलिन एकाच दारात असेल, तर कुप्यांवर मोठ्या अक्षरांत नावं हवीत. रायपूरच्या वैशाखात कुपी बाहेर राहू नये आणि बर्फाच्या कप्प्यातही जाऊ नये. गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं.

साखर खाली गेली की मांजर झोकांड्या खातं, शून्यात बघतं, झटकेही येतात. साठच्या खाली आकडा गेला तर सुई द्यायची नाही, वाट बघत बसायचं नाही. शुद्धीत असेल तर खायला घालायचं. नसेल तर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी चोळायचं, घशात ओतायचं नाही, आणि डॉक्टर गाठायचे. ओट्यावरची मधाची बाटली आमच्याकडे त्यासाठीच असते.

1922 च्या जानेवारीत टोरांटोला एका मुलाला इन्सुलिनची पहिली सुई मिळाली. त्याआधीचे प्रयोग कुत्र्यांवर झाले होते, आणि औषध निघालं होतं जनावरांच्या स्वादुपिंडातून. गाईच्या इन्सुलिनमध्ये आणि मांजराच्या इन्सुलिनमध्ये फरक आहे तो एका अमिनो आम्लाचा. सासूबाईंची पहिली कुपी जनावराच्या इन्सुलिनची होती, असं त्या सांगतात. या आजारात माणूस जनावरांचं देणं लागतो, असं मला मनापासून वाटतं, आणि बोक्याला सुई देणं मला फाजील लाड वाटत नाही.

तुमच्या घरात सात-आठ वर्षांचं मांजर असेल, तर पाण्याच्या भांड्याकडे आणि वाळूकडे लक्ष ठेवा. तहान वाढलेली दिसली की रक्त तपासून घ्या. लवकर कळलं, इन्सुलिन आणि योग्य आहार वेळेवर सुरू झाला, तर कित्येक मांजरांची सुई काही महिन्यांत सुटते. जितका उशीर, तितकी ती शक्यता कमी.