मला मीफन विकायचंय!

अर्जात एक रकाना होता, 'मातृभाषा'. मी झोकात 'मराठी' लिहिलं आणि पुढच्या रकान्याकडे वळले. या एका शब्दापायी आपली चीनवारी बोंबलणार आहे, हे तेव्हा कुठं माहीत होतं!

गोष्ट २०१९च्या जानेवारीतली. पुण्यात, हिंजवडीच्या एका कंपनीत माझं चौथं वर्ष चालू होतं. तीच कॅब, तोच ट्रॅफिक, तेच क्लायंट कॉल. अशात एका मैत्रिणीने जाहिरात फॉरवर्ड केली. 'चीनमध्ये सहा आठवडे मुलांना इंग्रजी शिकवा!' फोटोत हिरवे डोंगर, नदी, सायकली आणि गोबऱ्या गालांची पोरं. राहणं-जेवण त्यांचं, विमानाचं तिकीट आपलं आणि वर 'प्रोग्रॅम फी'. म्हणजे फुकट काम करायचं आणि त्याचे पैसेही आपणच भरायचे. पण खरं सांगू? तेव्हा हे गणित मला जराही खटकलं नाही. फोटोच तसे होते.

शाळा होती दक्षिण चीनमधल्या ग्वांगशी प्रांतात, यांगश्वो नावाच्या गावात. मी कामाला लागले. सीव्ही, पदवीची प्रत, पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट, पांढऱ्या बॅकग्राउंडवर हसरा फोटो आणि 'मला शिकवायला का आवडेल' यावर तीनशे शब्द. मग स्काइपवर वीस मिनिटांचा इंटरव्ह्यू. "मुलांसमोर गाणं म्हणून दाखवाल का?" असं विचारल्यावर मी फ्लॅटमेटची झोपमोड करत खणखणीत आवाजात बालगीत म्हटलं. दोन आठवड्यांनी मेल आला, सिलेक्टेड! त्याच संध्याकाळी मिसळपार्टी झाली, ऑफिसात बिनपगारी रजेचा अर्ज गेला आणि पंधरा हजार रुपये डिपॉझिटही भरून झालं.

आणि मग आला दुसरा मेल. 'दोन छोट्या सुधारणा.' पहिली, मातृभाषेच्या रकान्यात 'इंग्रजी' लिहा, कारण मुलांचे पालक विचारतात. दुसरी, व्हिसा टुरिस्टचाच काढा. विमानतळावर कोणी विचारलं, तर फिरायला आलोय म्हणा, शाळेचं नाव घेऊ नका. सगळे असंच करतात. पुढे एक स्माइली.

बाबांचा प्रश्न

त्या शनिवारी मी सोलापूरला घरी गेले. बाबा मराठी शाळेत इंग्रजीचे सर होते, एकतीस वर्षं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून माझ्या फोनवर तो मेल दोनदा वाचला.

"मराठी खोडायला सांगतायत की गं," ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही उगाच टेन्शन घेताय. फॉर्म्यालिटी असते ती."

"असेल. पण मग इंग्रजी कुणाकडनं शिकलीस म्हणून सांगणार तिथं?"

मी गप्प. कारण उत्तर समोरच बसलं होतं. पाचवीत असताना ओट्याशेजारी पाटावर बसवून त्यांनीच मला 'इज' आणि 'आर' शिकवलं होतं, तेही अस्सल सोलापुरी मराठीतून!

दोन दिवस मी त्यांच्यावरच धुसफुसत होते. मग पहिल्यांदाच नीट नियम वाचायला बसले आणि फ्यूज उडाला. चीनमध्ये भाषा शिकवण्यासाठी वर्क परमिट लागतं. त्यासाठी पदवी, साधारण दोन वर्षांचा अनुभव आणि मुख्य म्हणजे तुम्ही शिकवता ती तुमच्या देशाची मातृभाषा असावी लागते. इंग्रजीच्या बाबतीत व्यवहारात ही यादी सात देशांची आहे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत त्यात नाही. तुमचं इंग्रजी किती का फर्डं असेना!

आणि परमिटशिवाय शिकवताना सापडलं तर? २०१३ पासून लागू असलेल्या कायद्याप्रमाणे ५ हजार ते २० हजार युआन दंड, प्रकरण गंभीर असेल तर ५ ते १५ दिवस कोठडी. पगार घेत नाही म्हणून सुटका होईलच, याची खात्री नाही. त्या स्माइलीवाल्या मेलमध्ये यातलं एक अक्षर नव्हतं.

मी नाव मागे घेतलं. डिपॉझिट बुडालं. पण रजा मंजूर होती आणि डोक्यात ते डोंगर घुसले होते. म्हटलं, टुरिस्ट व्हिसाच काढायचाय ना? मग खरोखरीची टुरिस्ट म्हणूनच जाऊ! सहा आठवड्यांची रजा दोनवर आणली आणि मे महिन्यात हाँगकाँगमार्गे ग्वांगझौ गाठलं.

हजार 'थम्स अप'

ग्वांगझौहून बुलेट ट्रेनने अडीच तासांच्या आत यांगश्वो. स्टेशन मात्र गावापासून लांब, शिंगफिंगजवळ, तिथून पुढे बस. मनमाडजवळ रेल्वेतून दिसणारी हडबीची शेंडी आठवते? तोच तो 'थम्स अप'चा सुळका. तसे शेकडो सुळके एकामागे एक उभे करा, त्यांना हिरवी शाल पांघरा, पायाशी ली नदी सोडा आणि वर भुरभुर पाऊस. झालं यांगश्वो! चुनखडीचा दगड पावसाने लाखो वर्षं विरघळत गेला आणि मागे हे सुळके उरले. शिंगफिंगचा नदीकाठ तर चीनच्या २० युआनच्या नोटेवर आहे. तिथं जो तो नोट हातात धरून फोटो काढत असतो. मीही काढला, हो!

उतरले होते एका घरगुती लॉजमध्ये. मालकीणबाईंनी पहिल्याच तासात पासपोर्टची प्रत काढून पोलिसांकडे माझी नोंद केली. परदेशी पाहुण्याची नोंद २४ तासांत व्हावीच लागते. त्यांना काय हाक मारायची असं विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आयी." चिनीत मावशी, काकू, कोणत्याही वडीलधाऱ्या बाईला आयी म्हणतात. मी तर पहिल्या दिवसापासून सरळ 'आई'च म्हणत होते. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आयींना माझ्याबद्दल दोनच गोष्टी विचारायच्या होत्या. लग्न झालंय का, आणि 'दंगल' पाहिलाय का! २०१७ मध्ये 'दंगल' तिकडे तुफान चालला होता. नाक्यावरच्या सायकलवाल्यापासून सगळ्यांना आमिर खान पाठ.

सकाळचा नाश्ता म्हणजे मीफन. तांदळाच्या जाड शेवया, वर भाजलेले शेंगदाणे, आंबवलेल्या शेंगा आणि तिखट. 'वो छ्र सू', म्हणजे मी शाकाहारी आहे, एवढं पाठ केलं होतं, म्हणून दुकानदारीणबाई मांस वगळायच्या. मी पिशवीतली सोलापूरची शेंगाचटणी वर भुरभुरायचे. काय लागतं म्हणून सांगू!

पण माझी ऑर्डर ऐकली की त्या बाई रोज तोंडावर हात ठेवून हसायच्या. कारण कळलं चौथ्या दिवशी, आयींच्या मुलीकडून.

टेबलाच्या दोन बाजू

ही मुलगी चौदा वर्षांची. सीनिअर हायस्कूलच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीत बुडालेली. चीनमध्ये २००१ पासून तिसरीपासूनच इंग्रजी आणायला सुरुवात झाली. पुढे कॉलेजच्या 'गाओखाओ' परीक्षेत ७५० पैकी १५० मार्क एकट्या इंग्रजीला. चिनी भाषेला आणि गणिताला आहेत तेवढेच. त्यामुळे रात्री जेवणं आटोपली की ती पुस्तक घेऊन माझ्या टेबलाशी हजर. मी खोलीचं पूर्ण भाडं भरत होते, फी कुणी कुणाला देत नव्हतं. अर्धा तास इंग्रजी गप्पा, अर्धा तास ती मला चिनी शिकवणार. सरळ व्यवहार.

तर तिने सांगितलं, 'माय' म्हणजे विकत घेणं, आणि 'माय' म्हणजे विकणंसुद्धा. फरक फक्त सुरांचा. आवाज खाली बुडवून वर आणला की घेणं, वरून धाडकन खाली आपटला की विकणं. मी चार दिवस त्या दुकानात जाऊन रुबाबात सांगत होते, "मला मीफन विकायचंय!"

आणि आम्ही निघालो होतो यांना शिकवायला!

एकदा तिने विचारलं, "तुझी मातृभाषा इंग्रजी का?" मी म्हटलं, "मराठी." मग तिने वही पुढे केली आणि स्वतःचं नाव मराठीत लिहून घेतलं. म्हणाली, "म्हणजे तूही शाळेतच शिकलीस. मग मला 'थ' कसा म्हणायचा ते सांग, तुला आठवत असेल." मला खरंच आठवत होतं. बाबांनी 'थर्टी थ्री' शंभरदा म्हणून घेतलं होतं. दाताला जीभ कुठं लावायची, हे तिला मी त्यांच्याच पद्धतीने सांगितलं.

कॅनडाची झालेली मुलगी

शीच्ये ही यांगश्वोची प्रसिद्ध जुनी बाजारगल्ली. परदेशी पर्यटक आणि इंग्रजीचे क्लास यांचं हे गाव जुनंच, त्यामुळे तिथं कुणी ना कुणी 'हॅलो' म्हणत बोलायला येतंच. तिथल्या एका कॅफेत माझी गाठ पडली पूर्व युरोपातल्या एका मुलीशी. ती त्याच प्रोग्रॅममध्ये होती, जो मी सोडला होता! तिने तो रकाना बदलला होता. वर्गात ती 'कॅनडाची'. एकदा तपासणीला माणसं आली, तेव्हा तिला मागच्या दाराने बाहेर काढून नदीकाठी बसवून ठेवलं होतं.

"भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते. पण त्याहून वाईट वाटतं ते दुसरंच," ती म्हणाली. वर्गात मुलांना 'माय नेम इज' शिकवायला गेली, तर मुलं कंटाळून जांभया देत होती. या वर्षात आलेली ती चौथी टीचर. प्रत्येक जण येतो, ओळख करून देतो, एबीसीचं गाणं म्हणतो, सेल्फी काढतो आणि जातो. पुढचा पुन्हा 'माय नेम इज'पासून सुरू. शिवाय एका मुलाने तिला कॅनडात बर्फ किती पडतो हे विचारलं होतं. तिने ठोकून दिलं.

ती वाईट नव्हती हो. माझ्यासारखीच ऑफिसला कंटाळलेली होती. बाबांनी तो प्रश्न विचारला नसता, तर नदीकाठी मी बसले असते.

या कामाची दुसरी तऱ्हाही चीनने पाहिली आहे. अमेरिकेच्या पीस कॉर्प्सचे स्वयंसेवक १९९३ ते २०२० या काळात सिचुआन, चोंगछिंग, ग्वेइचौ, गान्सू या भागांत शिकवायला होते, सरकारी करारानुसार, दोन-दोन वर्षं आणि चिनी भाषा शिकून. 'रिव्हर टाऊन'चा लेखक पीटर हेसलर त्यातलाच. १९९६ ते ९८ तो फूलिंगच्या कॉलेजात होता. आणि आम्हा सोलापूरकरांना तर दाखला शोधायला लांब जायलाच नको. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेलेले द्वारकानाथ कोटणीस आमच्या गावचे. तेही स्वयंसेवकच. तिथली भाषा शिकले, तिथंच काम करत राहिले आणि १९४२ मध्ये, अवघ्या ३२व्या वर्षी, तिथंच वारले. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकासमोरून मी कितीदा स्कूटी पळवली असेल. आत शिरले ते चीनहून परतल्यावर.

जायचंच असेल तर…

२०२० पासून भारत-चीन थेट विमानं बंद होती, ती ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता-ग्वांगझौ मार्गाने पुन्हा सुरू झाली. म्हणजे अशा जाहिराती पुन्हा तुमच्या फोनवर येणार. तेव्हा अर्ज भरण्याआधी एवढं बघाच.

एक, व्हिसा कोणता? काम असेल तर 'झेड', शिक्षण असेल तर 'एक्स', फिरणं असेल तर 'एल'. काम एक आणि व्हिसा दुसराच, असं असेल तर फोन ठेवून द्या. दोन, संस्थेला शिकवण्यासाठी परदेशी माणसं नेमण्याचा अधिकार आहे का, हे लेखी मागा. २०२१च्या जुलैत चीनने शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले, तेव्हा बरेच क्लास बंद पडले. तीन, फी कशासाठी घेतात आणि रद्द केल्यास परत किती, हे आधी विचारा. मी विचारलं नव्हतं! चार, आपल्यानंतर त्या वर्गावर कोण येणार, हेही विचारा. उत्तर मिळालं नाही, तर तेच उत्तर समजा.

आणि चीनमध्ये राहायचीच हौस असेल, तर विद्यार्थी म्हणून जा की! चिनी शिकायला रीतसर अभ्यासक्रम आहेत, शिष्यवृत्त्याही आहेत.

निघायच्या दिवशी सकाळी मीफनच्या दुकानात गेले. आवाज नीट खाली बुडवला, मग वर आणला. "वो श्यांग माय मीफन." बाई क्षणभर थबकल्या आणि मग मान हलवत त्यांनी दोन चमचे शेंगदाणे जास्तीचे घातले.

आयींची मुलगी आणि मी वर्षभर वीचॅटवर बोलत होतो. ती 'थ'चे व्हॉइस मेसेज पाठवायची, मी तिला 'माय' आणि 'माय'. जून २०२० मध्ये भारतात वीचॅटवर बंदी आली आणि ते थांबलं. ती आता विशीत असेल. गाओखाओत इंग्रजीला किती पडले, ते मला कळलेलं नाही. लॉजचा पत्ता मात्र पासपोर्टच्या कव्हरमध्ये जपून ठेवलाय. नवा टुरिस्ट व्हिसा काढायचा आहे आणि या खेपेला बाबा म्हणतायत, "मी पण येतो की!"