दोन बाटल्या, एक ग्लास

‘फ्रेंच कनेक्शन’. १९७१ साली आलेल्या जीन हॅकमनच्या सिनेमाचं नाव या पेयाला मिळालं. कोन्याक ही फ्रेंच ब्रँडी ३५ मिली, आमारेत्तो हे गोड लिकर ३५ मिली, बुटक्या ग्लासात बर्फावर. लिंबू नाही, सोडा नाही. ब्रँडी सुमार असेल तर ते झाकणारं काहीच नाही.

*

आमच्या छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या एमआयडीसीत स्कोडाच्या मोटारी होतात, हे सगळ्यांना ठाऊक. तिथेच रॅडिको एनव्हीची डिस्टिलरीही आहे, धान्यापासून मद्यार्क काढणारी. तो मद्यार्क स्वच्छ, जवळजवळ बेचव, व्होडकाला उत्तम. कोन्याकसारख्या ब्रँडीला मात्र द्राक्षच लागतं. कोन्याकसाठी फ्रान्सच्या शारांत भागातल्या पांढऱ्या द्राक्षांची, बहुतेक उनी ब्लांची, आंबट वाइन तांब्याच्या भट्टीतून दोनदा काढतात आणि ओकच्या पिंपात किमान २ वर्षं मुरवतात. व्हीएसओपी किमान ४ वर्षांची. या पेयाला तीच पुरते. त्याहून जुनी एक्सओ नुसतीच प्यावी.

*

कोन्याक महाग पडते. देशी ब्रँडी घेताना लेबल वाचावं. बरीचशी मळीच्या मद्यार्कावर बेतलेली असते. ‘ग्रेप स्पिरिट’ लिहिलेली शोधावी. नाशिकच्या सुलानं ‘जानस’ ही द्राक्षांची ब्रँडी काढली, तेव्हा फार बरं वाटलं होतं. एवढा द्राक्षपट्टा आपल्याकडे असताना अशा ब्रँड्या दहा-बारा तरी हव्यात.

*

आमारेत्तोला बदामाचा वास, पण इटलीतल्या सारोन्नोच्या ‘डिसारोन्नो’ या आमारेत्तोत बदाम नसतो. तो वास बेन्झाल्डिहाइडचा; जर्दाळूच्या बीमध्येही तोच. म्हणून कडू बिया घरी ब्रँडीत भिजत घालू नयेत, अजिबात नाही: त्यांतल्या अमिग्डालिनपासून सायनाइड तयार होतं. आणि आपल्या गोड बदामाला तो वास नसतोच. बाटली मिळाली नाही तर साखरेच्या पाकात खाण्याच्या बदाम इसेन्सचे दोन थेंब घालावेत. सर येत नाही, पण वेळ निभावते.

*

निम्मं-निम्मं मला गोड होतं. ४५ मिली ब्रँडीला २० मिली आमारेत्तो. तरीही ग्लासात लार्ज पेगच्या जवळपास मद्यार्क जातो, हे लक्षात ठेवावं. त्यानंतर जालना रोडवर गाडी काढू नये. (पंचविशीच्या आतल्यांना महाराष्ट्रात हे वर्ज्य, आणि परवाना लागतोच.)

*

बर्फ. मे महिन्यात इथे ट्रेमधले खडे बघता बघता विरघळतात आणि पेय पाणचट होतं. स्टीलच्या वाटीत पाणी गोठवावं. वाटी क्षणभर नळाखाली धरली की अख्खा गोळा सुटतो. त्यावर आधी ब्रँडी, मग आमारेत्तो. लांब चमच्यानं वीसेक सेकंद सावकाश ढवळायचं. थोडं पाणी सुटायलाच हवं, त्याशिवाय ब्रँडीचा झणका उतरत नाही.

*

बाहेरच्या पाककृतींत वर संत्र्याची साल पिळतात. आपल्याला जालन्याची मोसंबी हाताशी आहे, भौगोलिक मानांकन मिळालेली. हिरवट सालीची पट्टी ग्लासावर मुरडली की तेलाचा बारीक फवारा उडतो आणि बदामाचा गोडवा एकदम हलका होतो. सोबत खारे शेंगदाणे. मसाला शेव नको, तिच्यापुढे कोन्याकचा वासच लागत नाही.