भाज्याच्या लेण्यातला रथ

पुणे-लोणावळा लोकल मळवलीला थांबते. मुंबईहून येणाऱ्यांनी लोणावळ्यास गाडी बदलावी. स्टेशनाबाहेर पडून द्रुतगती महामार्गावरचा पूल ओलांडला की भाजे गावचा रस्ता लागतो. डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड, आणि विसापूरच्या पोटात भाज्याची लेणी. रिक्षा मिळतात, परंतु आम्ही विहारातली वीस-बावीस माणसे होतो. इतक्यांचे रिक्षाभाडे म्हणजे घरचा एक दिवसाचा बाजार. तेव्हा म्हाताऱ्या आयांना रिक्षात बसवून बाकी आम्ही पायीच निघालो.

येथे एकूण बावीस लेणी आहेत आणि त्यांची सुरुवात इ.स. पूर्व दुसऱ्या शतकातली आहे. बहुतेक लोक बाराव्या क्रमांकाचे चैत्यगृह पाहतात, फोटो काढतात आणि खाली उतरतात. चैत्यगृह पाहण्यासारखे आहेच. त्याच्या कमानदार छताला लाकडी फासळ्या बसवल्या आहेत, त्या मूळच्या आहेत. दोन हजारांहून अधिक पावसाळे खाऊन लाकूड टिकले आहे. आमच्या चाळीच्या छताची तुळई पंधरा वर्षांत वाळवीने खाल्ली, याची आठवण एका ताईने काढली आणि सगळे हसले.

आम्हांला मात्र पुढे जायचे होते, एकोणिसाव्या लेण्याकडे. हा विहार आहे, म्हणजे भिक्खूंच्या राहण्याची जागा. व्हरांड्याच्या टोकाशी एका खोलीचे दार आहे आणि त्या दाराच्या दोन्ही अंगांना दोन मोठी शिल्पे कोरली आहेत. डावीकडे चार घोड्यांचा रथ. त्यात एक राजबिंडा पुरुष, सोबत दोन स्त्रिया, एकीच्या हाती छत्र, दुसरीच्या हाती चवरी. रथाखाली राक्षसासारखी अवाढव्य शरीरे चिरडली जात आहेत. उजवीकडे भला मोठा हत्ती, सोंडेत उपटलेले झाड, वर स्वार. हत्तीच्या पायाशी माणसे, कठड्यातले वृक्ष, नाचगाणे चालले आहे. दगड फार झिजला आहे, तरी घोड्यांचा वेग कळतो.

आमच्या आधी आलेल्या एका जथ्याला त्यांचा वाटाड्या सांगत होता, “हा सूर्यदेव आणि तो इंद्र.” आमच्यातला एक तरुण लगेच तापला. “बुद्धलेण्यात सूर्यदेव कुठून आला?” म्हणाला. प्रश्न सोडून देण्यासारखा नव्हता, म्हणून तेथेच पायरीवर बसून बोलणे झाले.

सूर्य आणि इंद्र ही ओळख जुन्या अभ्यासकांची आहे आणि आजही बरेच जण ती मानतात. त्यात बिचकण्याचे कारण नाही. बोधगयेच्या प्राचीन कठड्यावरही चार घोड्यांच्या रथातला सूर्य कोरलेला आहे. बौद्ध शिल्पकारांनी लोकांच्या देवांना दारात उभे केले, गाभ्यात स्तूप ठेवला. दुसऱ्या काही अभ्यासकांचे म्हणणे असे, की हा मांधाता राजा आहे. जातकात त्याची गोष्ट आहे. पृथ्वी जिंकली तरी त्याचे मन भरेना, म्हणून तो स्वर्गात गेला. तेथे शक्राने, म्हणजे इंद्राने, त्याला अर्धे राज्य दिले. एकामागून एक छत्तीस शक्र होऊन गेले, हा आपला राज्य करीतच राहिला. शेवटी अर्धे नको, शक्राला मारून सगळेच घेऊ, अशी हाव सुटली. त्या हावेनेच तो म्हातारा झाला, पृथ्वीवर कोसळला आणि एका बागेत मेला.

आम्हांला स्वतःला मांधाताच अधिक पटतो. भिक्खूंनी राहत्या जागेच्या दाराशी तृष्णेची गोष्ट कोरून घ्यावी, हे साजेसे वाटते. परंतु येथे नाव कोरलेले नाही, तेव्हा हट्ट धरून भांडू नये. भारहूतच्या स्तूपावर अशी सोय आहे. तेथे चार घोड्यांच्या रथातून निघालेल्या राजाचे शिल्प आहे आणि त्यावर कोसलचा राजा पसेनदी असे नावच आहे.

याच पसेनदीचा रथ मज्झिम निकायातल्या रथविनीत सुत्तात येतो. सावत्थीहून साकेतला घाईने जायचे, म्हणून वाटेत सात ठिकाणी ताजे रथ तयार ठेवले. एक रथ पुढच्या रथापर्यंतच नेतो. साधनेचे टप्पेही तसेच, असा दाखला तेथे दिला आहे. आणि मिलिंद राजाचा रथ तर आपल्या घराघरांत माहीत आहे. भदन्त नागसेनांनी विचारले, महाराज, आपण रथातून आलात, तर रथ कोणता? आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? प्रत्येक वेळी राजाला नाहीच म्हणावे लागले. सुट्या भागांच्या जुळणीला आपण रथ हे नाव देतो, माणसाचेही तसेच. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, बाबासाहेबांनी कॉलेज काढले. त्याला मिलिंदाचे आणि परिसराला नागसेनवन हे नाव आहे, ते याच दोघांमुळे.

आमच्याबरोबर रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका होते. त्यांची सगळी नोकरी डब्यांच्या चाकांवर गेली. त्यांनी विचारले, “राजाचे झाले, पण रथ बनवला कोणी?”

याचे उत्तर मोठे आहे. वेदकाळात रथकाराला मान होता, राज्याभिषेकाच्या विधीत त्याला जागा होती. पुढे वर्णव्यवस्था घट्ट झाली. पाली ग्रंथांत त्या काळच्या समाजाने हीन ठरवलेल्या कुळांची यादी वारंवार येते. चांडाल, निषाद, वेण, पुक्कुस यांच्या पंक्तीला रथकारही बसवलेला दिसतो. अट्ठकथेत तर रथकार कुळाचा अर्थ चर्मकार कुळ असा दिला आहे. रथात बसणारा क्षत्रिय आणि रथ घडवणारा नीच!

आता अंगुत्तर निकायातली गोष्ट पाहा. वाराणसीजवळ इसिपतनात भगवंतांनी ती भिक्खूंना सांगितली. पचेतन नावाच्या राजाने रथकाराला बोलावले. सहा महिन्यांनी लढाई आहे, नवी दोन चाके करून दे, म्हणाला. सहा महिन्यांना सहा दिवस उरले तेव्हा एकच चाक झाले होते. दुसरे त्याने उरलेल्या सहा दिवसांत केले. राजाला दोन्ही सारखीच दिसली. रथकाराने सहा दिवसांचे चाक सोडले, ते जोर असेपर्यंत गडगडले आणि आडवे झाले. दुसरे सोडले, ते जोर संपल्यावरही आसात बसवल्यासारखे उभे राहिले. पहिल्याची धाव, आरे आणि तुंबा वाकडे होते, लाकडात दोष होता. काया, वाचा, मनाचे वाकडेपण असे माणसाला पाडते, हे सांगून भगवंत म्हणाले, तो रथकार मीच होतो.

समाज ज्याला हीन म्हणत होता, त्या कारागिराच्या जागी भगवंतांनी स्वतःला ठेवले. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “आमच्याकडेही असेच. घाईत काढलेले चाक डोळ्यांना कळत नाही, रुळावर कळते.”

भाज्यात रथाची आणखी एक खूण आहे. पाण्याच्या एका टाक्यावरच्या लेखात दात्याचे नाव महारठी कोसिकीपुत्र विण्हुदत्त असे आहे. महारठी हे सातवाहन काळातल्या बड्या सरदारांचे पद, म्हणजे महारथी. त्याने पाण्याचे टाके दिले, चांगले केले. पण सहाव्या लेण्यातल्या खोलीच्या दारावर दुसऱ्या दात्याचे नाव आहे, ते त्याहून आवर्जून वाचावे. ती हालिकाची, म्हणजे नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याची पत्नी. तिचे नाव कोणी बाधा वाचतात, कोणी बोधी. आमच्या आयाबाया त्या दाराशी सर्वांत जास्त वेळ थांबल्या.

जाणाऱ्यांनी एक करावे, दुपारनंतर जावे. लेणी पश्चिमेला तोंड करून आहेत, ऊन उतरू लागले की तिरपा उजेड आत येतो आणि झिजलेली अक्षरे उठून दिसतात. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात. पाणी बरोबर घ्यावे, आणि परतीच्या लोकलची वेळ स्टेशनावर आधीच विचारून ठेवावी.