चाक हललं की घड्याळ सुरू

सोलापुरात भवानी पेठेत घराबाहेर खुर्ची टाकून बसलो की कुणीतरी विचारतंच, "काका, गोव्याला विमानानं किती वेळ?" मी निवृत्त फ्लाइट डिस्पॅचर. विमानानं कुठल्या वाटेनं जायचं, किती इंधन घ्यायचं, किती वाजता पोचायचं, हे मांडण्यात माझी नोकरीची वर्षं गेली. तरी या प्रश्नाला पटकन उत्तर देत नाही.

होटगी रोडच्या विमानतळापासून गोव्यातल्या मोपा विमानतळापर्यंत सरळ रेघ मारली तर सुमारे ३०५ किलोमीटर भरतात. ९ जून २०२५ला या मार्गावर सेवा सुरू झाली ती एटीआर-७२ विमानानं. ते वर पोचलं की ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जातं. भागाकार केला की ३७ मिनिटं. मग वेळापत्रकात तासाभराचा प्रवास का दाखवतात?

पेठेतल्या मागवाल्यांना हे चटकन कळतं. धोटा किती वेगानं पळतो यावरून दिवसाचं कापड ठरत नाही. बीम चढवायला, तुटलेला धागा जोडायला वेळ जातोच. आमच्याकडे चाकांखालचे ठोकळे काढून विमान हललं की घड्याळ सुरू होतं, ते पलीकडे ठोकळे लागेपर्यंत. याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंतचं रांगणं आलं, चढण आली, उतरण आली. एवढ्या जवळच्या प्रवासात सपाट उड्डाण जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचं. शिवाय वारा. पावसाळ्यात तो पश्चिमेचा, म्हणजे गोव्याला जाताना तोंडावर आणि येताना पाठीशी. समोरून ताशी ५० किलोमीटरचा वारा असेल तर त्या ३७ मिनिटांची ४१ होतात, पाठीशी असेल तर ३३.

उतरणीचंही गणित असतं. साधारण तीन अंशांच्या उतारानं यायचं, म्हणजे किलोमीटरमागे पन्नासेक मीटर खाली. त्या वाटेत उंच काही चालत नाही. सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. विमानांच्या वाटेत येते म्हणून सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ला पाडली, तेव्हा अर्धं गाव गच्चीवर होतं. (कोण बरोबर, कोण चूक, यावर मी पेठेत तोंड उघडत नाही.)

मुंबईचं गणित निराळं. हवाई अंतर सुमारे ३६०, रेल्वेनं ४५५ किलोमीटर. वंदे भारत साडेसहा तास घेते. विमान तासाभरात मुंबईवर पोचेल. पण तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरात, त्यामुळे वर घिरट्या आल्याच. अंधेरीला काम असेल तर विमान. फोर्टात असेल तर मी अजूनही सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री झोपून जातो. पुण्याला विमान मागणं मात्र हौस आहे.

गोव्याला विमानच. खिडकीची जागा मागा; एटीआरचे पंख खिडकीच्या वर असतात. आकाश मोकळं असेल तर आधी भीमा दिसते, निम्म्या वाटेवर कृष्णा, आणि मग सह्याद्री.