घर सोडणं आणि घर नसणं

"त्यांना रस्त्याचीच सवय झालेली असते, घर द्या तरी राहणार नाहीत." हे आम्ही जयभीम म्हणणाऱ्या शिकलेल्या माणसांकडूनही ऐकतो. वर दाखला देतात, तथागतांनी तरी घर सोडलंच की!

सिद्धार्थाकडे सोडायला घर होतं. रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा झाला, संघाने युद्ध ठरवलं, आणि त्याने विचारपूर्वक परिव्रज्या पत्करली, अशी मांडणी बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये केली आहे. भिक्खूंनाही वर्षावासात छप्पर लागायचंच. त्यागात निवड असते. उड्डाणपुलाखाली कसली निवड?

गेल्या पावसाळ्यात रात्रीच्या फेरीत एक मावशी भेटल्या. निवारा केंद्रात यायला तयार होईनात. बायकांचं केंद्र वेगळं, पुरुषांचं वेगळं, आणि मुलगा सोळाचा. "पोराला सोडून छप्पर घेऊन काय करू, ताई?" आमच्या हातातल्या फॉर्मवर यासाठी एकच रकाना होता: 'निवारा नाकारला'. सवयीची गोष्ट अशी तयार होते.

जेरेमी वॉल्ड्रन या तत्त्वज्ञाने १९९१ च्या निबंधात एक साधा मुद्दा मांडला. माणूस जे करतो ते कुठेतरी करतो. झोपणं, अंघोळ, लघवीसुद्धा. ज्याला स्वतःची जागा नाही त्याला सार्वजनिक जागेतही या गोष्टींची बंदी घातली, तर त्याने हे करायचं कुठे? बंदी सगळ्यांना सारखी दिसते, पण बसते त्याच्यावरच.

आपल्याकडचा १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा तर याच्याही पुढे जातो. उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि माणूस भीक मागून जगत असावा अशा अवस्थेत फिरतोय, एवढ्यावर तो भिकारी ठरू शकतो. पहिल्यांदाच १ ते ३ वर्षं डांबता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरती यातली शिक्षेची कलमं घटनाबाह्य ठरवली. भटकणाऱ्याकडे गुन्हेगार म्हणून बघणं आपल्याला नवीन नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा पारधी, कैकाडी विसरलेले नाहीत.

आणि हा प्रश्न नुसत्या पैशाचा नाही. कोलंबियात शिकून आलेले, संस्थानात नोकरी असलेले बाबासाहेब बडोद्यात पारशी धर्मशाळेतून हाकलले गेले आणि बागेत जाऊन बसले. खिशात पगार होता, शहरात खोली नव्हती. आडनाव ऐकून "खोली कालच गेली" म्हणणारे घरमालक आपल्यापैकी कितीजणांना भेटलेत?

शहरी बेघरांच्या योजनेत लाख लोकसंख्येमागे एक कायमचा निवारा अपेक्षित होता. आमच्या शहरात कुटुंबाला एकत्र राहता येईल असे निवारे किती, हे आम्ही माहिती अधिकारात विचारलं आहे. तुमच्या नगरपालिकेला तुम्ही विचारा.