नो-गो गेज आणि पंधरा दिवस

भोसरी एमआयडीसीतल्या लहान वर्कशॉपमध्ये एक शब्द दिवसभर कानावर पडतो: रिजेक्शन. बुशचं बोअर मर्यादेपेक्षा वीस मायक्रॉनने मोठं झालं, की नो-गो गेज सरळ आत जातो. जायला नको तो गेला, एवढ्यावर नग लाल ट्रेमध्ये पडतो. तिथे हुज्जत चालत नाही.

कायद्यात चालते. ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूत असतो तो 'दोष', सेवेत राहते ती 'त्रुटी'. पण खोट कितीही ढळढळीत असो, तक्रार घेऊन आलेला माणूस 'ग्राहक' आहे का, हा प्रश्न आधी येतो. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या महाराष्ट्रातल्या लघुउद्योगाने सीएनसी यंत्र घेतलं आणि ते उशिरा, तेही सदोष मिळाल्याची तक्रार केली. राज्य ग्राहक आयोगाने भरपाई दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ही खरेदी व्यापारी हेतूची ठरवली आणि ग्राहक न्यायालयाचं दार बंद झालं. त्याच निकालात एक मोलाचं वाक्य आहे: पोटापाण्यासाठी लेथ घेऊन तो स्वतः चालवणारा माणूस ग्राहकच. म्हणजे स्पिंडलमधली खोट तीच, पण हँडलवर हात कोणाचा, यावर दाद कुठे मागायची ते ठरतं. घरच्या दोन माणसांच्या बळावर शॉप चालवणाऱ्यासाठी हा फार मोठा आधार आहे.

आता हाच लेथवाला चाकणच्या एका कंपनीला माल पाठवतो. तीन महिने बिल अडकतं, आणि मग येते डेबिट नोट: लॉट रिजेक्ट.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात याला उत्तर आहे. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर तो पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं धरून पैशांचे दिवस मोजले जातात. करारात काहीही लिहिलेलं असो, मुदत ४५ दिवसांपलीकडे जात नाही. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. इथे उणा पडतो तो खरेदीदार, कारागीर नव्हे.

तरीही किती शॉपमध्ये चलनाच्या प्रती तेलकट ड्रॉवरमध्ये चुरगळून पडलेल्या असतात! फोनवरचं "अहो, तुमचा लॉट खराब आहे" ही लेखी हरकत नव्हे. उद्यम नोंदणी करून घ्या, प्रत्येक चलनावर इनवर्डचा शिक्का आणि तारीख मागा, आणि ती फाईल गेजइतकीच जपा. थकलेल्या बिलाची दाद याच कायद्याखालच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे मागायची असते, आणि तिच्यासमोर पहिल्यांदा तीच फाईल उघडावी लागते.